हाताने काढलेला ढग

ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. याला कारण तिचा धाकटा भाऊ. तो त्याच ऑफिसात नोकरीला होता आणि दिवसभर जिन्यातून, दारातून, फोनवरून "ताई, ए ताई" असा घोष चालू ठेवायचा. तेव्हा तिचं खरं नाव आठवायला बाकीच्यांना कधी सवडच मिळाली नाही. पुढे भाऊ गेला आणि हाक तेवढी मागे राहिली.

भावालाही नावाने कुणी हाक मारत नसे. तो भिंगऱ्या. जन्मापासून पायाला भिंगरी लागलेली. आई म्हणायची, "याला चालायला शिकवलं तीच चूक झाली, आधी बसायला शिकवायला हवं होतं." शाळेत बाकावर आणि घरी खुर्चीवर त्याचं बूड कधी टेकलं नाही. अशा माणसाला टेबलाशी बांधून ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून कामाची वाटणी आपोआप झाली. ताई खुर्चीत, भिंगऱ्या रानात.

काम होतं नकाशाचं. जंगल कुठे कुठे परत आणायला हवं, याचा नकाशा. उपग्रहाने वरून काढलेली चित्रं यायची, ती चौकोना-चौकोनांनी जोडायची, आणि डोंगर, दऱ्या, खोरी यांच्या एकेका पट्ट्याला रंग द्यायचा. रंग तीनच. हिरवा म्हणजे जंगल शाबूत आहे, हात लावू नका. पिवळा म्हणजे जंगल मोडलंय, पण जमिनीत जीव आहे. गुरं आणि कुऱ्हाडी लांब ठेवा, ते आपलं आपण येईल. लाल म्हणजे इथे काही उरलेलं नाही, खड्डे खणा, रोपं लावा. ऐकायला अगदी पोरखेळ वाटतो. पण वरून पाहिलं तर मेलेली जमीन आणि झोपलेली जमीन सारखीच तपकिरी दिसते. कुणीतरी जाऊन तिला हलवून बघावं लागतं, बाई गं, जागी आहेस का म्हणून. ते काम भिंगऱ्याचं.

"तू म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी," तो ताईला म्हणायचा. "उंट निदान जमिनीवर तरी असतो. तुझा तर आभाळात."

"आणि तू त्या शेळ्यांमागे धावणारा," ताई म्हणायची. "चल, पळ आता."

वरून आलेलं चित्र जमिनीवर अचूक बसत नाही, थोडं इकडेतिकडे सरकतं. ते नीट बसवायला खाली एखादी पक्की खूण लागते. म्हणून ज्या दिवशी उपग्रह डोक्यावरून जाणार असेल त्या सकाळी भिंगऱ्या मोकळ्या जागेवर पांढरं कापड अंथरायचा, अधिकच्या चिन्हासारखं, दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या. ऑफिसने दिलेलं कापड त्याने पहिल्याच खेपेला वाऱ्यावर सोडलं. मग आईच्या जुन्या चादरी फाडल्या. आईने डोक्याला हात लावला. "माझ्या चादरी आता आभाळाला दाखवणार का तू?"

"स्वच्छ आहेत ना? मग लाज कसली?"

कापड अंथरून झालं की तो शेजारी उभा राहून वर हात हलवायचा. हा शुद्ध वेडेपणा होता. इतक्या उंचावरून माणूस म्हणजे जेमतेम एक ठिपका. पण सकाळच्या उन्हात सावली माणसापेक्षा लांब पडते, आणि ती मात्र चित्रात उमटायची, बारीकशी काळी रेघ. ताई नवं चित्र उघडलं की आधी पांढरी खूण शोधायची आणि मग ती रेघ. साहेबांना हे माहीत होतं. ते न बघितल्यासारखं करायचे.

"आलास रे चित्रात," ती फोनवर सांगायची.

"कसा दिसतो?"

"डोकं दिसलं नाही. बरोबर नेलं होतंस का?"

शेवटच्या दिवशी तो एका जळलेल्या डोंगरावर होता. आदल्या वर्षी वणव्याने तो डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत भाजून काढला होता. ताईने त्याला लाल रंग देऊन ठेवला होता, आणि चित्र बघून दुसरं कुणी काही दिलंही नसतं. सकाळी भिंगऱ्याचा फोन आला.

"ताई, हा डोंगर तू लाल केलायस?"

"मग काय गुलाबी करू? काळा ठिक्कर पडलाय तो."

"पिवळा कर. मी नखाने साल काढून बघितली, बुंधे आतून ओले आहेत. कोंब डोकं वर काढायला लागलेत. दोन-तीन पावसाळे जाऊ देत, माझ्या उंचीचं होईल इथलं सगळं. कुणी खड्डे खणायला आलं तर मी आडवा पडेन सांगून ठेवतो."

"तू आणि आडवा? झोपेतसुद्धा कधी धड पडला नाहीस."

"थट्टा पुरे. पिवळा कर, विसरू नकोस."

"केला बाबा, केला."

आणि खरंच तिने त्याच क्षणी, फोन कानाशी धरून, तो पट्टा हाताने पिवळा केला. परत येताना नदीकाठच्या वळणावर त्याची जीप दरीत गेली. त्याची नोंदवही, कापड, पाण्याची बाटली, सगळं जीपबरोबर गेलं. ताईला ते त्याच टेबलाशी कळलं.

काही आठवड्यांनी त्या दिवशीचं चित्र आलं. यायचंच होतं. उपग्रहाला खाली कोण जगलं आणि कोण गेलं याचं सोयरसुतक नसतं. ताईने ते उघडलं. काळा डोंगर, पांढरी खूण, जीपचं छप्पर, आणि छपराजवळ ती रेघ. दुपारी काय व्हायचं होतं ते झालं, पण चित्रात सकाळच होती आणि तो उभा होता. ताई टेबलावर डोकं टेकून रडली. साहेबांनी उठून दार लोटून घेतलं.

ऑफिसचा हा नकाशा कुणालाही फोनवर बघता येत असे. आईला तो ताईनेच दाखवला. दाखवायला नको होता असं कुणी म्हणेल, पण ज्या घरात एक ताट कमी वाढलं जातं त्या घराला शहाणपण शिकवू नये. आईला मार्ग सापडला. रोज संध्याकाळी ती चष्मा लावून खिडकीशी बसे आणि आपल्या घराच्या छपरापासून निघे. छपरावरची पाण्याची टाकी, मग बेकरीचा कोपरा, बसथांबा, पूल. पुलावरून नदीकाठचा रस्ता. मग ते वळण. त्या वळणावरून ती बोट झरकन पुढे नेई, श्वास धरून. मग चढण, डोंगर, पांढरी खूण, आणि तो.

"पोचले," ती म्हणे. मग फोन पालथा घालून चहा टाकायला उठे.

चहा पिताना दोघींचा एक पाढा ठरलेला होता.

"शेवटचं काय बोलला तो?"

"पिवळा कर म्हणाला. विसरू नकोस म्हणाला."

"मग? केलास ना?"

"केला."

आईला तेवढ्याने जरा बरं वाटे. पोराचं निदान एक काम तरी अर्धवट राहिलं नाही, असं काहीतरी. ताईलाही बरं वाटे. माणसाला जगायला फार लागत नाही, एवढंसंही पुरतं.

दोन-तीन पावसाळे गेले. सरकारने लागवडीसाठी नवा नकाशा मागितला आणि साहेबांनी फर्मान काढलं, सगळी चित्रं नवी करायची. जुनं एकही ठेवायचं नाही. ताई डोळ्यांत तेल घालून कामाला लागली. चौकोनामागून चौकोन नवे होत गेले आणि एक दिवस तो चौकोन समोर आला.

आता शहाणे लोक म्हणतील, त्यात काय, जुन्या चित्राची एक प्रत काढून आईला द्यायची. दिली होती की. चांगली मोठी, जाड कागदावर. आईने ती हातात घेतली, बघितली आणि कपाटात ठेवली. "कागदावर तो सुकल्यासारखा दिसतो," ती म्हणाली. "आणि इथे मी जात नाही ना. इथे तो नुसता आहे." आईला चित्र नको होतं, तिला जायला रस्ता हवा होता आणि रस्त्याच्या टोकाशी तो हवा होता.

ताईने नवं चित्र उघडलं. ते वरून खाली हळूहळू उतरायला लागलं. हिरवं काहीतरी दिसलं, हिरवंच हिरवं. खूण नाही, छप्पर नाही, रेघ नाही. चित्र पुरतं उतरायच्या आतच तिने पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

एक नियम होता. नव्या चित्रात जिथे ढग असेल तिथलं खालचं काही दिसत नाही, म्हणून तेवढ्या जागेपुरतं जुनं चित्र ठेवायचं. ढग कुठे आहे ते यंत्रच ओळखतं, पण यंत्र म्हणजे यंत्र. पांढरा खडक दिसला तरी त्याला ढग वाटतो आणि खरा विरळ ढग ते सोडून देतं. त्यामुळे ढग पुसणं आणि ढग काढणं हे ताईचं रोजचंच काम होतं. त्या दुपारी तिने भावाच्या डोंगरावर एक ढग काढला. कडा जरा फाटक्या ठेवल्या, एका बाजूला शेपूट काढलं, ऊन कुठून येतं ते बघून ढगाची सावलीसुद्धा शेजारच्या दरीत टाकली. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं म्हणतात. तिने एक लावून पाहिलं.

साहेबांनी तपासताना विचारलं, "इथे ढग?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि पुढे गेले. ताईवर त्यांचा डोळे झाकून विश्वास होता.

त्या संध्याकाळी आई नेहमीसारखी निघाली आणि नेहमीसारखी पोचली. ताईने चहा टाकला. तिला वाटलं, कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते असं. चित्रं नवी झाली की रंगही नव्याने ठरतात. यंत्र समोरचं चित्र बघतं आणि रंग टाकतं. हाताने दिलेले जुने रंग पुसले जातात. ज्यामागे जागेवर जाऊन केलेली लेखी पाहणी असेल तेवढेच टिकतात. भिंगऱ्याची पाहणी जीपबरोबर दरीत गेलेली. ताईचा पिवळा रंग उभा होता तो नुसत्या फोनवरच्या शब्दावर. यंत्राला तिने ठेवलेलं चित्र मिळालं, काळ्या डोंगराचं. त्याने डोंगर लाल करून टाकला. हा नियम ऑफिसात सगळ्यात चांगला कुणाला माहीत असेल तर ताईला. नव्या मुलांना तीच तो शिकवायची. पण त्या चौकोनात तिने रंगांचा थर पुन्हा कधी उघडलाच नाही. तिथे ती फक्त ती रेघ बघायला जायची.

नकाशा गेला. कौतुक झालं. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानताना ताईचं नाव दोनदा घेतलं.

मग बऱ्याच महिन्यांनी, एका सकाळी, साहेब हातात फोन घेऊन तिच्या टेबलाशी आले. "लागवडीचा मुकादम आहे लाइनवर. तुमच्या चौकोनाबद्दल कुरकुर करतोय. जरा समजूत घाला."

मुकादमाचा आवाज मोठा होता. "बाई, तुमच्या नकाशात उघडी जमीन लिहिलीय. आम्ही त्या हिशोबाने माणसं आणली. इथे बघतो तर माणूस हरवेल एवढा झाडोरा! तोडता तोडता आमचा जीव गेला. पुढच्या वेळी जरा नीट बघत चला. फोटो पाठवलेत, आधीचे आणि नंतरचे. बघून घ्या."

ताईने फोटो उघडले. आधीच्या फोटोत कोवळी झाडं होती, दाट, खांद्याला खांदा लावून उभी. पुढे एक मजूर उभा होता आणि झाडं त्याच्या डोक्याच्या वर गेली होती. नंतरच्या फोटोत लाल मातीचा उतार होता आणि त्यावर खड्डे, ओळीने, एकसारखे.

साहेब तिच्या खांद्यावरून बघत होते. "ढग होता ना तिथे," ते म्हणाले. "जुनं चित्र घ्यावं लागलं. तुमचा काय दोष? मनाला लावून घेऊ नका." त्यांनी रागावून आकाशपाताळ एक केलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आई पुलापर्यंत पोचली होती तेव्हा ताई तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, डोंगरावरची झाडं तोडली."

आईचं बोट पुलावर थांबलं. "कोणती झाडं? तिथे कुठे झाडं आहेत? काळा आहे की डोंगर."

"आली होती. तो म्हणाला होता तशी."

आईने चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "मला तिथे घेऊन चल. रोज जाते मी, पण पाय कधी लागला नाही माझा."

सुट्टीच्या दिवशी ताईने ऑफिसची जीप मागून घेतली. बेकरीचा कोपरा, बसथांबा, पूल, सगळं आईला पाठ होतं. पुढे काय येणार ते ती आधीच सांगत होती, लहान मुलीसारखी. मग वळण आलं. फोनवर तिथून बोट पटकन नेता येतं, जीप नेता येत नाही. ताईने वेग अगदी कमी केला. आई दरीकडे तोंड करून बसली होती. तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वळण संपलं तरी काढला नाही.

वर मुकादम भेटला. साधा, कष्टाळू माणूस. ऑफिसातून बाई आल्या म्हणताच त्याने टोपी सारखी केली आणि आपलं काम दाखवायला लागला. "एकही खड्डा ओळ सोडून नाही बघा. दोरी लावून आखलेत."

आईने विचारलं, "आणि आधीची झाडं?"

"ती मुळासकट काढली, मावशी. नुसती तोडली तर परत फुटतात. फार चिवट जात. आता या ओळींच्या मधली बघा, ती राहिलीत थोडी. किती छाटली तरी येतात. आता दर महिन्याला छाटावी लागणार, नाहीतर आमच्या रोपांना ऊन मिळायचं नाही."

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. नीट काम करणारा माणूस आपलं काम सांगतो तसं सांगत होता, आणि त्याच्यावर रागावायला ताईला जागाच सापडेना.

आई म्हणाली, "तो कुठे उभा होता ते दाखव."

ताई पुढे झाली. पडद्यावर ती जागा तिला डोळे मिटून सापडली असती. खुणेच्या अमुक बाजूला, जीपच्या एवढं पुढे. इथे ना खूण होती, ना जीप. सगळीकडे तेच खड्डे, तीच माती, त्याच ओळी. ती खाली गेली, वर आली, फोनमध्ये बघितलं, परत खाली गेली. शेवटी उतारावर मधेच उभी राहिली. "इथेच कुठेतरी, आई. मला नाही सापडत गं."

आई चालत तिच्यापर्यंत आली. दोन ओळींच्या मधे एक छाटलेला बुंधा होता, मनगटाएवढा. त्याच्या कडेने बोटभर कोंब फुटले होते, तांबूस, ओलसर. आई गुडघे मोडून त्याच्याशी बसली आणि एक कोंब दोन बोटांत धरला, न तोडता.

"नकाशात हे उघडं कसं लिहिलं गेलं?" तिने विचारलं.

तेव्हा ताईने ढगाचं सांगितलं. लपवलं काही नाही. चित्र पुरतं बघितलं नाही हेही सांगितलं. आई ऐकत होती, कोंब धरून. ताईला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. "जिथे तिथे हात दाखवून अवलक्षण करून घेतेस," असं आई लहानपणी म्हणायची, तेवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. मुकादमाने लांबून विचारलं, पाणी हवं का. आईने मान हलवली आणि उठून जीपकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताईने साहेबांच्या समोर उभं राहून सांगितलं. "तो ढग खरा नव्हता. मी हाताने काढला होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कशासाठी?"

"भिंगऱ्या होता त्या चित्रात."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही ती रेघ माहीत होती. "ढग काढून टाका," शेवटी ते म्हणाले. "पट्टा पिवळा करा. मी तिकडचं काम थांबवायला लिहितो. पण कागद फिरायला वेळ लागेल, आणि जे उपटलंय ते..." पुढचं त्यांनी गिळलं. "आणि ताई, यापुढे ढगांचं काम तुमच्याकडे राहणार नाही."

ताई टेबलाशी आली. ढग पुसायला एक क्षण लागला. खालचं चित्र वर यायला लागलं, हिरवं हिरवं, तशी तिने पुन्हा खिडकी बंद केली. खोड जात नाही माणसाची. मग रंगांचा थर उघडून, ज्याची मुळं आता फक्त ओळींच्या मधे उरली होती तो डोंगर तिने पिवळा केला.

त्या संध्याकाळी आई फोन घेणार नाही असंच तिला वाटलं होतं. डोंगरावरून आल्यापासून आई कामापुरतं बोलत होती. पण ठरलेल्या वेळेला आईने चष्मा लावला आणि खिडकीशी बसली. छप्पर. बेकरी. पूल. वळणावर आज बोट थांबलं, जीप थांबते तसं, आणि मग सावकाश पुढे गेलं.

"अगं," आई म्हणाली, "इथे कितीजण उभे आहेत!"

ताई उठून तिच्या मागे गेली आणि जे चित्र तिने दोनदा अर्ध्यावर बंद केलं होतं ते पहिल्यांदाच पुरतं बघितलं. सकाळचं ऊन होतं. सगळा डोंगर कोवळ्या झाडांनी भरला होता, आणि प्रत्येक झाडाची सावली एकाच बाजूला पडली होती, बारीक, लांब, काळी रेघ. खूण होती तिथे रेघा होत्या, जीप होती तिथे होत्या, तो उभा होता तिथेही होत्या. सगळ्या साधारण माणसाच्या सावलीएवढ्या. त्यातली एक त्याची म्हणून दाखवली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं.

"हे कधीचं?" आईने विचारलं.

"मी ढग काढला त्या वेळचं."

"आपण गेलो तेव्हा हे नव्हतं."

"नव्हतं."

आई बोट फिरवत राहिली, एकेका रेघेवरून, शाळेतून घरी आलेली मुलं मोजावीत तसं. "हे सगळे इथे होते," ती म्हणाली. "रोज. आणि मी रोज त्या एकट्यासाठी येत होते, आणि परत जात होते."

"मला वाटलं, तो दिसला नाही तर तू..."

"हो," आई म्हणाली. "माझ्यासाठी केलंस. ते कळलं मला."

ती उठली नाही. चहाही टाकला नाही. बाहेर अंधारायला लागलं होतं, आणि फोनच्या पडद्यावर ती सकाळ तशीच होती. मग आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"शेवटचं काय बोलला तो?"

"पिवळा कर म्हणाला," ती कशीबशी म्हणाली. "विसरू नकोस म्हणाला."

आईने मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि रोजच्याच आवाजात, रोजचाच प्रश्न विचारला.

"मग? केलास ना?"